पंचनाम्याचे नाट्य

गुन्हा उघडकीस आल्यापासून आरोपी न्यायासनासमोर उभा राहीपर्यंतचा जो काळ वस्तुतः पायपीट, जाबजबाब आणि दप्तर यांतच व्यतीत होतो, तोच नाट्याचा विषय करण्याचे धैर्य १९५१ च्या डिसेंबरात अमेरिकेत एन.बी.सी. वाहिनीवर आलेल्या ‘ड्रॅगनेट’ मालिकेने दाखविले. निर्मिती, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका ही तिन्ही ओझी वाहणारा जॅक वेब लॉस एंजेलिस पोलिसांकडील खरी प्रकरणे नावे बदलून सादर करी. तारीख, वार, हवामान आणि नेमणुकीची शाखा सांगून नायक सार्जंट फ्रायडेचे निवेदन असे काही सुरू होई की ठाण्याचा रोजनामचाच कोणी वाचीत असल्याचा भास व्हावा, आणि अखेरीस आरोपीस झालेली शिक्षाही प्रेक्षकांस कळे. खात्याच्या सहकार्यावर उभ्या असलेल्या त्या मालिकेने खात्याच्या दोषांकडे डोळेझाक केली, ही तिची उणीव लहान नव्हे.

आपल्याकडे १९८० च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘एक शून्य शून्य’ने मराठी घरांत तपासकथेची गोडी उत्पन्न केली. तीत शिवाजी साटम होते. पुढे १९९८ पासून याच दोघांच्या ‘सी.आय.डी.’ने वीस वर्षे हिंदी प्रेक्षकवर्ग खिळवून ठेवला. परंतु या लोकप्रियतेच्या भरात दरवाजा फोडणे आणि कानशिलात बसताच गुन्हा कबूल होणे, हाच तपास असे जनमानसात रूढ झाले, याचा मला मनस्वी खेद आहे; कारण पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्यच नाही.

खरा तपास कसा चालतो याचे एक उदाहरण घेऊ. ठाणे जिल्ह्यातील खडवलीस भातसा नदीच्या पात्रात सहलीस आलेले तरुण बुडाल्याच्या वार्ता पावसाळ्यात येतात. अशा वेळी अकस्मात मृत्यूची नोंद करणे, पंचांना पाचारण करणे, मृतदेहावरील खुणा लिहून घेणे, सोबत्यांचे जबाब नोंदविणे आणि शवविच्छेदनाच्या अहवालाशी ते ताडून घात की अपघात हे ठरविणे, या मंद आणि कष्टप्रद कामात जे नाट्य आहे ते आमच्या मालिकांच्या लेखकांना दिसू नये, हे आश्चर्य होय. सह्याद्री वाहिनीने अशा तालुक्याच्या ठाण्याची, त्यातील हवालदारांच्या चुकांसह, एक मालिका हाती घ्यावी. आणि पंचनाम्यावर सही करण्यास कचरणारा गावकरी तीत अवश्य असावा, कारण पुढे खटला उभा राहिलाच तर त्याच्या साक्षीचे मोल मोठे असते.