अणूचे छायाचित्र म्हणू नये

स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपला मराठीत ‘सूक्ष्मदर्शक’ म्हणावे, याला आमची हरकत आहे. या यंत्रात भिंग नाही, प्रकाशकिरण नाही. ज्याला आपण पाहणे म्हणतो ते त्यात घडतच नाही. धातूची अतितीक्ष्ण सुई नमुन्याच्या पृष्ठभागापासून एका नॅनोमीटरहून कमी अंतरावर आणतात, पण टेकू देत नाहीत. मधली फट इलेक्ट्रॉन ओलांडतात आणि किंचितसा विद्युत्प्रवाह वाहू लागतो. अंतर नॅनोमीटरच्या दहाव्या भागाने वाढले, तरी तो सुमारे दहापटीने घटतो. सुई ओळीमागून ओळ फिरते, आकडे नोंदले जातात आणि त्यांतून संगणक चित्र रचतो. अंध वाचकाची बोटे ब्रेलवरून फिरतात, त्याच्या जवळची ही क्रिया, म्हणजे वाचनच.

कडेगावसारख्या ठिकाणी वर्गात असे चित्र दाखवले, की ‘हा अणूचा फोटो का?’ असा प्रश्न हमखास येतो. ‘हो’ म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. त्या टेकड्या इलेक्ट्रॉनांच्या वाटणीच्या आहेत, रंग नंतर भरलेले आहेत, आणि विद्युत्दाब बदलला तर तोच पृष्ठभाग निराळे चित्र देऊ शकतो. संहिता तीच, प्रश्न बदलला. हे समजावणे साहित्याच्या शिक्षकाला परके वाटू नये.

१९८९ साली डॉन आयग्लर यांनी आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत निकेलवर झेनॉनचे ३५ अणू एकेक सरकवून अक्षरे लिहिली. (सुट्या अणूंनी लिहिलेला तो मजकूर कंपनीचेच नाव असावा, हेही टीकेला विषय पुरवणारे!) ते साधले थंडीमुळे. द्रव हेलियमच्या तापमानाला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास, अणू ठेवल्या जागी राहिले.

थंडीचा दुसरा उपयोग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. उष्णतेच्या धांदलीत इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतील बारीक भेद पुसले जातात. गारठ्यात ते वाचता येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी केवळ ०.३५ केल्विनला, ९ टेस्लापर्यंतच्या चुंबकीय क्षेत्रात चालणारे असे यंत्र उभारले. त्याचे वर्णन २०१३ साली प्रसिद्ध झाले. चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकात शिरते ते बारीक भोवऱ्यांच्या रूपाने, आणि हे भोवरे जाळीसारखे ओळीने बसतात. कोबाल्टचा अंश असलेल्या नायोबियम डायसेलेनाइडच्या स्फटिकात क्षेत्र वाढवत नेले, तेव्हा ही जाळी एकदम विस्कटली नाही: आधी जागांची शिस्त मोडली, मग दिशांची. २०१५ साली छापलेला हा निष्कर्ष एका चित्रावर उभा नाही, कितीतरी चित्रे ताडून काढलेला आहे. पाठभेदांची चिकित्सा करणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटेल.

मग नाव काय द्यावे? ‘चाचपणी’ हा अंधारातल्या हाताचा शब्द जवळचा, पण त्यात स्पर्श आहे; इथे तोही नाही. तोवर मूळ नाव देवनागरीत चालू द्यावे, आणि चित्राखाली ‘अणूचे छायाचित्र’ न छापता तापमान आणि विद्युत्दाब छापावा.