पोळ्यावर बुरशी दिसली म्हणून पेटी टाकू नका. आधी माश्या बघा

सातारा : पाऊस उघडला की महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरी गावांत मधपेट्यांची झाकणं निघतात. कडेच्या पोळ्यांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली की "पेटीला रोग लागला" म्हणून कुणी पोळी जाळतो, कुणी पेटीच गोठ्यात टाकतो. नुकसान आपलंच होतं.

बुरशी येते कुठं? जिथं माश्या बसत नाहीत तिथं. महाबळेश्वरात वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या दिवसांत फुलोरा कमी, माश्या घटतात, कडेची पोळी उघडी पडतात आणि ओल धरतात. म्हणजे बुरशी हे कारण नाही, परिणाम आहे. खरा प्रश्न असा की, किती पोळी माश्यांनी झाकलेली आहेत आणि राणी अंडी घालतेय का?

माश्या भरपूर असतील तर हलकी बुरशी त्या स्वतःच साफ करतात. आपण एवढं करायचं : माश्या नसलेली पोळी काढून सावलीत, वाऱ्यावर वाळवायची. कडक उन्हात मेण मऊ पडतं. वाळल्यावर मऊ ब्रशनं झाडून, माश्या वाढतील तसं एकेक पोळं परत द्यायचं. काळी पडलेली जुनी पोळी वितळवून मेण काढायचं. तळपाट पुसायचा, पेटीचं तोंड किंचित खाली झुकवायचं म्हणजे पाणी आत थांबत नाही. फुलोरा नसेल तर संध्याकाळी साखरेचा पाक द्यायचा. आंबूस वासाचा, फेसाळलेला मध मात्र विकायचा नाही.

बुरशीपेक्षा धोक्याच्या खुणा वेगळ्या. पोळ्यात जाळी आणि बोगदे दिसले तर ती मेणपतंगाची अळी. अळ्या पिशवीसारख्या फुगून मेल्या असतील तर विषाणूचा रोग असू शकतो. थाई सॅकब्रूडनं १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात सातेरी माश्यांच्या वसाहतींचा फडशा पाडला होता. अशा पेटीतलं पोळं दुसऱ्या पेटीत घालू नका, महाबळेश्वरच्या मध संचालनालयाला कळवा.

आता मुद्दा योजनेचा. मध केंद्र योजनेत ५० टक्के अनुदान मिळतं. २०२२ मध्ये मांघर देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं, तेव्हापासून गावोगावी पेट्यांची मागणी आहे. चांगलंच आहे. पण पेटी लाकडाची असते, उत्पन्न माशी देते. उरलेले ५० टक्के शेतकऱ्याच्या खिशातून जातात. पेटी रिकामी झाली तर ते पैसे बुडाले. म्हणून पेट्या किती वाटल्या, हा अर्धाच हिशोब. दसऱ्यानंतर किती पेट्यांत माश्या नांदताहेत, हे ग्रामसभेत विचारलं पाहिजे. आणि प्रशिक्षणात मध काढण्याइतकाच वेळ पावसाळ्यानंतरच्या या तपासणीलाही मिळाला पाहिजे.