चुलीपुढील तासांचा हिशेब

कापूस वेचणीच्या दिवसांत नायगाव तालुक्यातील शेतमजूर बाई सकाळी नऊच्या सुमारास घराबाहेर पडते. वेचणीची मजुरी किलोवर असते. उन्हे चढण्याआधी जितका कापूस ओटीत पडेल तितके पैसे संध्याकाळी हाती येतात. सोयाबीनची काढणी बहुधा गुत्त्यावर चालते. एकरी भाव ठरतो आणि टोळी जितक्या लवकर शेतात उतरेल तितका तिचा फायदा. म्हणजे चुलीपुढे गेलेला प्रत्येक तास या बाईच्या लेखी रोकड रक्कम आहे. तरीही स्वयंपाकातील वेळेची बचत हा विषय निघाला, की तो वृत्तपत्रांच्या महिला पुरवण्यांकडे सोपवून चळवळीचे लोक मोकळे होतात. मजुरीचा दर, हमीभाव, रेशन, पाणी हे राजकारणाचे विषय. भाकरी किती वेळात होते, हा मात्र बायकांचा खासगी प्रश्न, अशी ही वाटणी आहे.

पुरवण्या आपले काम इमानाने करतात. भाजी आदल्या रात्री चिरून ठेवावी, कणीक मळून थंड कपाटात ठेवावी, आठवड्याचे वाटण एकदाच करावे, असा त्यांचा उपदेश असतो. तो चुकीचा नाही. फक्त तो ज्या घरांसाठी आहे ती घरे वेगळी आहेत. शिवाय या उपदेशकांना ज्वारीचा स्वभाव ठाऊक नसावा. गव्हाच्या पिठाला चिकटपणा असतो, म्हणून कणीक एकदा मळली की पोळ्या झरझर लाटता येतात. ज्वारीला तो चिकटपणा नाही. तिच्या पिठावर आधणाचे पाणी घालावे लागते, प्रत्येक भाकरीचे पीठ काटवटीत स्वतंत्र रगडावे लागते आणि तळहाताने थापावे लागते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते व भाकरी काठाला चिरते. तेव्हा पीठ साठवूनही फारसे चालत नाही. सहा माणसांच्या घरात एका वेळेला पंधरा-सोळा भाकरी लागतात. एकीला तीन मिनिटे धरली तरी पाऊण तास नुसत्या भाकरीत जातो. त्यात जळण तुराटी-पऱ्हाटीचे. ते भुरकन पेटते आणि भुरकन विझते, म्हणून चुलीपुढून उठायची सोय नाही. रेशनवर बहुतेक गहू-तांदूळ मिळतो आणि सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र खाल्ले आहे, त्यामुळे अनेक घरांत सकाळचा भात वाढला, यात आवडीनिवडीपेक्षा घड्याळाचा भाग अधिक आहे.

वेळ वाचविण्याची विद्या मराठवाड्यातल्या बाईला कोणी शिकवायला नको. चुलीला जोडून असलेला वैल हा तिचाच शोध. तव्याखालच्या जाळावर पलीकडे वरण शिजत राहते, वेगळे सरपण लागत नाही. येसर हा त्याहून मोठा शोध. धान्य, डाळी आणि मसाला भाजून दळून ठेवलेले हे पीठ फोडणीच्या पाण्यात कालवले की दहा मिनिटांत आमटी होते. कारळाची नि जवसाची चटणी, दोन दिवस टिकणारे धपाटे, उन्हाळ्यातले सांडगे ही सगळी घाईच्या दिवसांची तरतूद आहे. पण येथे एक गोष्ट नजरेआड होते. येसराने पेरणीच्या दिवसांतला तास वाचतो, तो उन्हाळ्यातल्या भाजणी-कांडणीतून आधीच वसूल झालेला असतो. कष्ट कमी झाले नाहीत, ते वैशाखात ढकलले गेले एवढेच.

बाईच्या कष्टातून तास खरोखर वजा झाले ते एकदाच, जाते थांबले तेव्हा. पहाटे उठून घरचे दळण दळणे हा दोन-तीन तासांचा नित्यनेम होता. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. बायकांचे किती आयुष्य जात्यावर गेले याचा तो दाखला आहे. ओव्या गोड आहेत म्हणून जाते परत यावे, असे ती ओढलेल्या एकाही म्हातारीने म्हटलेले ऐकिवात नाही. आधी तेलाच्या इंजिनावर आणि पुढे विजेवर चालणारी गिरणी आली आणि हे तास सुटले. गिरणी घराघरात आली नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ती गावात एक आली, आणि घरातले एक अवजड काम घराबाहेर जाऊन सर्वांचे झाले. नळाचेही तसेच. जेथे नळाला पाणी येते तेथे स्वयंपाक अर्धा हलका होतो. जेथे टँकरची वाट पाहावी लागते तेथे कुकरच्या शिट्ट्यांनी वाचलेली वीस मिनिटे घागरीच्या रांगेत जातात.

याउलट घराघरात वाटलेल्या साधनांची कथा. १९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो जवळजवळ दोन दशके चालला आणि गुंडाळला गेला. धूर कमी झाला तर डोळे वाचणार होते, यात शंका नाही. पण त्यांतल्या कित्येक चुलींचे तोंड लहान, म्हणून सरपण बारीक तोडून घालावे लागे. ते तोडणार कोण, हा प्रश्न आराखडा करणाऱ्यांना पडला नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. गॅसवर भांडी काळी होत नाहीत, जाळ सारावा लागत नाही, आजारी माणसाला पहाटे चहा देता येतो. परंतु उज्ज्वलाच्या घरांनी २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलिंडर भरून घेतले, आणि २०२३-२४ मध्येही ही सरासरी चारच्या आतच होती. दोन वेळच्या भाकरीला हे पुरत नाही. जोडणी मिळाली, पण पैसा नसला की बाई पुन्हा पऱ्हाटीकडे वळते. गॅस पाहुण्यांसाठी आणि पावसाळ्यासाठी राखून ठेवते. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये एका ग्रंथात दाखवले आहे, की तिकडे शेगड्या आणि यंत्रे आली तेव्हा पुरुषांचे लाकूड फोडण्याचे काम संपले. बाईचे काम मात्र तेवढेच राहिले, कारण घराच्या अपेक्षा वाढल्या.

मग वाचलेला वेळ जातो कोठे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या. पुरुष ९७ मिनिटे. त्यातही असे काम मुळात करणारे पुरुष शेकडा २६ च होते. २०२४ मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा आकडे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाने आपली नऊ वाचवून घेतली!

यातला एक भाग असा आहे की ज्याला ना अनुदान लागते ना यंत्र. ताटात गरम भाकरी पडली पाहिजे, हा मराठवाड्यातल्या पुरुषाचा जणू जन्मसिद्ध हक्क आहे. सासरा सातला जेवतो, नवरा पारावरून साडेआठला येतो, मुलगा नऊला. आणि शेवटचा हात धुऊन होईपर्यंत तवा उतरत नाही. सगळे एका वेळी बसले, किंवा टोपल्यातली भाकरी चालवून घेतली, तर रोजचा तासभर सुटतो. सुगीत तर आईचा हा तास भरून काढण्यासाठी थोरल्या मुलीला काटवटीपुढे बसवतात आणि शाळेच्या हजेरीत तिच्या नावापुढे खाडे पडतात. ज्या नायगावात सावित्रीबाई फुले जन्मल्या ते सातारा जिल्ह्यातले, हे नव्हे. परंतु नामसाधर्म्याची थोडी लाज दोन्हीकडे वाटायला हरकत नाही.

पुरुषांना स्वयंपाक येत नाही, ही सबब तर ऐकूनही घेऊ नये. गावात सप्ताह बसला की हेच पुरुष कढईएवढ्या उत्साहाने कढईभर आमटी करतात, पंगती वाढतात, उष्टी उचलतात. भाकरी मात्र तेव्हाही घरोघरच्या बायकांकडून गोळा होते! नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिबच्या लंगरमध्ये सेवेकरी पुरुष पिढ्यान्‌पिढ्या रोट्या भाजत आणि भांडी घाशीत आले आहेत. गावादेखत केलेला स्वयंपाक सेवा ठरतो आणि उंबऱ्याच्या आत तोच बायकी होतो. थोरामोठ्यांनाही ही गाठ पुरती सुटली नाही. गांधीजींनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर सर्वांसाठी एकच स्वयंपाकघर केले, हे मोठेच पाऊल. पण त्याचा कारभार स्त्रियांकडे दिला आणि मदतीला एक-दोन पुरुष नेमले.

गिरणीने जो मार्ग दाखवला तो पुढे नेता येईल काय? सरकारी जेवणाचे प्रयोग झाले आहेत. १९९५ नंतर युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देऊ केली. त्यांतली अनेक केंद्रे पुढे मोक्याच्या जागेवरच्या टपऱ्या होऊन बसली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. दोन्हींनी भुकेल्याला आधार दिला, पण दोन्हींचा गिऱ्हाईक मुख्यतः घराबाहेर पडलेला माणूस होता. खेड्यातल्या मजूर बाईची चूल त्यांनी एक वेळही विझवली नाही. तिचा खरा भार थोडासा हलका केला तो शाळेतल्या दुपारच्या आहाराने. मूल दुपारी शाळेत जेवते, याचा अर्थ एक डबा कमी. तो आहार शिजविणाऱ्या बायकांना मात्र मजुरी मिळत नाही, तुटपुंजे मानधन मिळते. मजुरी म्हटले की कायदा लागू होतो, म्हणून हा शब्दांचा खेळ.

मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना कर्ज मिळवून दिले आणि सावकाराच्या विळख्यातून सोडवले. गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालणे हे श्रम आहेत आणि त्यांना किंमत आहे, हे तेथे आधी बँकेला मान्य करावे लागले. पेरूची राजधानी लिमा येथे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस वस्त्यांतल्या बायकांनी सामायिक स्वयंपाकघरे काढली. पाळीपाळीने शिजवायचे आणि बाकीच्या दिवशी कामाला जायचे. सुगीचे दोन महिने नायगावच्या एका गल्लीत पाच-दहा घरांनी एका चुलीवर, पाळीने आणि पुरुषांना पाळीत धरून, भाकरी भाजायला काय अडचण आहे? जात आडवी येईल, हे उघड आहे. कोणाच्या हातचे कोण खाणार, हा प्रश्न खेड्यात संपलेला नाही. पण तो प्रश्न चुलीवरच सुटायचा आहे. सहभोजनाचे ठराव करून तो सुटलेला नाही.

१९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या. लाटणे हे आंदोलनाचे हत्यार झाले आणि सरकारला तेल-साखरेच्या भावाचा जाब द्यावा लागला. ते लाटणे दिवसातून किती तास हातात असते, याचा जाब मात्र कोणी कोणाला विचारला नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी तो विचारला होता. स्वयंपाकघराची गुलामी त्यांना किळसवाणी वाटे. स्वयंपाकाला ठरावीक वेळ असावी आणि धूर बाहेर जाईल असे धुराडे घराला असावे, अशी त्यांची मागणी होती. त्यांच्या सप्तक्रांतीवर शिबिरे पुष्कळ झाली. धुराडे आणि घड्याळ मात्र विषयपत्रिकेवर आले नाही.

शिबिरांचे जाऊ द्या. तालुक्याच्या ठिकाणची साधी बैठक संध्याकाळी सातला ठेवतात, कारण पुरुषांना तीच वेळ सोयीची. त्या वेळी गावातली प्रत्येक बाई तव्यापुढे असते. स्त्रिया बैठकीला येत नाहीत, अशी खंत इतिवृत्तात दर वेळी नोंदवली जाते. बैठक लांबली की ज्याच्या घरी ती भरली आहे त्याच्या आतल्या खोलीत निरोप जातो, आणखी चार माणसे जेवायला आहेत. आणि विझत आलेली चूल पुन्हा पेटवली जाते.