जुनी गाडी आणि बंद खोली

अकोल्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. यजमान नोकरीतून निवृत्त झालेले. घरी चाळीस वर्षांची पद्मिनी आहे. सकाळचा चहा झाला की ते ओसरीलगतच्या खोलीत गाडीखाली शिरतात, ते जेवायलाच बाहेर येतात. अंगाला पेट्रोलचा वास, नखांत काळे, आणि बोलणे सगळे कार्बुरेटरचे. ‘हे वेड प्रकृतीला चांगले की वाईट, ते एकदा छापून टाका, म्हणजे आमच्या घरात शांतता नांदेल,’ असे त्यांनी लिहिले आहे.

ताई, माझे मत असे की वेड चांगले आहे, खोली वाईट आहे. आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत होते. घरचे म्हणतात गाडी विका, आणि मालक म्हणतो काही होत नाही. दोघांचेही मला पटत नाही. माझ्याकडे एक येझदी आहे आणि रविवारची सकाळ तिच्यात जाते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा कल कुणीकडे आहे ते वाचकांना कळेल.

खरी स्पोर्ट्स कार आपण वऱ्हाडातल्या लोकांनी पाहिली ती सिनेमात. १९९८ मध्ये सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची, फायबरच्या अंगाची गाडी आपल्या देशात बनली खरी, पण अमरावती-अकोल्याच्या रस्त्यावर ती पाहिल्याचे मला तरी आठवत नाही. तेव्हा वेगाची हौस आपण हाताशी जे होते त्यावर भागवली. कुणी फियाट घेतली, आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत हीच गाडी पळत असे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितले. कुणी कॉन्टेसा घेतली. ज्यांना चार चाके झेपत नव्हती त्यांनी येझदी, नाहीतर १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५०. यातली बहुतेक वाहने बनणे केव्हाच थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. नवे सुटे भाग सहजी मिळत नाहीत आणि नव्या मेकॅनिकला कार्बुरेटर उघडता येत नाही. त्यामुळे अशा गाडीच्या मालकाला अर्धा मिस्त्री व्हावेच लागते.

वैद्य म्हणून मला यात काही गैर दिसत नाही. उठबस होते, बोटे चालतात, डोके चालते. कोणता स्क्रू कुठून काढला हे लक्षात ठेवणे हा स्मरणशक्तीला चांगला व्यायाम आहे. जुन्या बाजारात एक वॉशर शोधायला माणूस चार मैल फिरतो आणि चार माणसांशी बोलतो. निवृत्तीनंतर दिवसभर टीव्हीसमोर बसून ‘डॉक्टर, झोप येत नाही’ म्हणणारे रुग्ण मी रोज पाहतो. गाडीखाली झोपणाऱ्यांची ही तक्रार मी अजून ऐकलेली नाही.

आता खोलीकडे येऊ. कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ मध्ये कारखाना कायदा झाला. हवा खेळती हवी, धूर आणि धूळ बाहेर काढण्याची सोय हवी, असे त्यात लिहिले होते. घरातल्या गॅरेजला कायदा नाही. तिथला निरीक्षक म्हणजे गृहिणी, आणि तिचे ऐकतो कोण? पेट्रोल, आम्ल, धूर, अवजड लोखंड हे सगळे कारखान्यातलेच, फक्त शेजारच्या खोलीत नातू झोपलेला असतो.

सगळ्यांत मोठा धोका इंजिन चालू ठेवण्याचा. पेट्रोल पुरते जळत नाही तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपण हुंगतो तो धुराचा वास, या वायूचा नव्हे. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने या वायूला धरून बसते, आणि मग मेंदूला व हृदयाला प्राणवायू पोचत नाही. पीयूसीच्या जुन्या नियमांत उभ्या इंजिनाच्या धुरात चारचाकीला ३ टक्के आणि दुचाकीला ४.५ टक्के इतका हा वायू चालत असे. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५ मध्ये सक्तीचे झाले तेही आधी चार महानगरांतल्या नव्या गाड्यांना. म्हणजे आपल्या जुन्या फियाटला ते नाहीच. त्यात डिसेंबरच्या थंडीत चोक ओढून गाडी सुरू केली की पेट्रोल अधिक जाते आणि हा वायूही अधिक निघतो. शटर अर्धे उघडे आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दहा बाय पंधराच्या खोलीत काही मिनिटांत धोक्याची पातळी गाठली जाते.

लक्षणे फसवी असतात. डोके दुखते, गरगरते, मळमळते, पायांतले बळ जाते. मे महिन्यात असे झाले की घरात एकच निदान ठरलेले असते, ऊन लागले. मग कैरीचे पन्हे पाजतात, हातापायांना कांदा चोळतात आणि त्याच घरात दारे लावून निजवतात. उन्हाने आजारी माणूस आणि या वायूने आजारी माणूस यांत एक फरक लक्षात ठेवा. घरात एकापेक्षा अधिक जणांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेरच्या हवेत गेल्यावर ते उतरले, तर संशय इंजिनावर घ्यायचा.

आपल्या भागातली आणखी एक खोड सांगतो. उन्हाळ्यात खिडकीला कूलर असतो. तो बाहेरची हवा ओढून आत फेकतो. अंगणात, त्याच खिडकीखाली गाडी चालू ठेवून ट्यूनिंग करणारे मी पाहिले आहेत. मालक मोकळ्या हवेत असतो आणि आत निजलेल्यांना कूलर गार धूर पाजत असतो.

आणि तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, जो २०२० नंतर घरोघरी आला, तो इथे उपयोगाचा नाही. या वायूने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेले वाटते. आकडा ९८ दाखवील आणि माणूस हातचा जाईल. अशा वेळी शटर पूर्ण उघडा, इंजिन बंद करा, रुग्णाला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच १०८ ला फोन करा. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार, जे जवळ असेल तिथे न्या, आणि पोचल्याबरोबर ‘बंद खोलीत गाडी चालू होती’ हे सांगा. हे कळले नाही तर डॉक्टरही उष्माघातच समजण्याची शक्यता आहे.

पेट्रोलचे म्हणाल तर, ‘काऊन जी डॉक्टरसाहेब, पेट्रोलनं हात धुतले त काय होते?’ असे मला अनेकांनी विचारले आहे. होते असे की त्वचेतला स्निग्धपणा जातो, भेगा पडतात, आणि त्यातले बेंझिन त्वचेतून आणि श्वासातून अंगात जाते. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, हे आता वादातीत आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोलमधले शिसे काढले, तेवढी एक पीडा गेली. वंगण काढायला थोडे खायचे तेल हातांना चोळा, कापडाने पुसा, मग साबण लावा. जवसाचे तेल मात्र नको. ते लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

नळी तोंडात धरून टाकीतले पेट्रोल ओढणे हा प्रकार तर बंदच व्हायला हवा. घोट पोटात जाण्यापेक्षा थेंब फुप्फुसात जाणे भयंकर असते. त्याने न्यूमोनियासारखा आजार होतो आणि तो काही तासांनी उमटतो. असे झाले, किंवा लहान मुलाने शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले पेट्रोल प्याले, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीबरोबर तेच पेट्रोल पुन्हा श्वासनळीत उतरते. सरळ दवाखाना गाठा, खोकला नसला तरी. आणि पेट्रोल पिण्याच्या बाटलीत ठेवायचेच नाही. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. देवघरातली समई आणि कूलरची मोटर या दोन्ही तिच्या वाटेत येतात.

जळक्या ऑइलबद्दल थोडक्यात. धुराड्याच्या काजळीने चिमणी साफ करणाऱ्यांना कर्करोग होतो, हे लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्ये लिहून ठेवले. पुढे इंग्लंडच्या सूतगिरण्यांत यंत्राच्या तेलाने कपडे भिजणाऱ्या कामगारांतही तोच रोग दिसला. ऑइलचे फडके पँटच्या खिशात ठेवणाऱ्यांनी हे वाचावे. खरजेच्या कुत्र्याला हे ऑइल चोपडण्याची रीतही सोडावी.

ब्रेकच्या धुळीवर मात्र थांबायला हवे. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडला की आत राखाडी भुकटी दिसते आणि आपण सवयीने फुंकर मारतो, नाहीतर सायकलच्या पंपाने हवा मारतो. ते तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात जाऊन बसतात आणि रोग वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. आज फुंकर मारली आणि उद्या काही झाले नाही, म्हणून ‘काही होत नाही’ हे म्हणणे इतके दिवस टिकले. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्येच मान्य केला, तो अशा धुळीमुळेच. उपाय साधा आहे. भुकटी पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, ते फडके पिशवीत बांधून टाका. नातवाला बॅटरी धरायला जवळ बोलावू नका. कपडे झटकून घरच्या धुण्यात घालू नका, कारण झटकणारीच्या छातीतही ती धूळ जाते.

जॅकबद्दल माझ्या मनात दुमत नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, खाली झोपण्यासाठी नाही. विटांची चळत तर मुळीच नको. वीट आधी सूचना देत नाही, एकदम फुटते. लोखंडी घोडी लावा. आपल्या अंगणातली काळी माती पावसाने फुगते आणि उन्हाने भेगाळते, म्हणून खाली जाड फळी हवीच. आणि दुचाकीवाल्यांनो, इंजिन चालू ठेवून साखळी पुसू नका. बोट तुटलेच तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकले तर जोडण्यालायक राहत नाही.

मग इतके सारे करण्यापेक्षा गाडी गॅरेजात का देऊ नये, असे कुणी म्हणेल. द्यावी, पण त्याने धूळ संपत नाही, ती दुसऱ्याच्या छातीत जाते. आपण आठवड्यातून एकदा ड्रम उघडतो. तिथला अठरा-वीस वर्षांचा मुलगा दिवसातून चार उघडतो, पेट्रोलने हात धुतो आणि त्याच हाताने डबा खातो. त्याला हौस म्हणून सोडून देण्याची मोकळीक नाही. म्हणून ज्यांना घरी हे नीट करता येते त्यांनी अंगणात, उघड्यावर, घरीच करावे, असे मला वाटते. मी ज्या गॅरेजात जातो तिथल्या मालकापाशी मी दरवेळी भुकटी भिजवण्याचा विषय काढतो. आधी तो हसायचा. गेल्या दिवाळीपासून दाराशी पाण्याची बादली आणि साबणाची वडी आली आहे. पोरे हात साबणाने धुतात. फुंकर मात्र अजून मारतात.