शेरवुडमधील प्रेक्षकांचे बंड

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘एमजीएम प्लस’ या वाहिनीवर रॉबिन हूडची आणखी एक मालिका अवतरली. नॉटिंगहॅमच्या शेरीफच्या भूमिकेत शॉन बीनसारखा नावाजलेला नट, रॉबिन सॅक्सन तर मॅरियन नॉर्मन सरदाराची कन्या, अशी तिची मांडणी. दूरचित्रवाणीवरील प्रत्येक रॉबिन हूडच्या मागे एक आक्षेप सावलीसारखा येतो : ‘हा खरा रॉबिन हूड नव्हे.’ ब्रिटनमध्ये २००६ ते २००९ या काळात बीबीसीने दाखवलेल्या मालिकेला तर या आक्षेपाने तीन वर्षे पिच्छा पुरवला. ती मालिका कधीच संपली. पण प्रेक्षक तिच्यावर नेमके कशासाठी रुसले, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. कारण तक्रारी एका गोष्टीच्या झाल्या आणि राग दुसऱ्याच गोष्टीचा होता.

२००५ मध्ये ‘डॉक्टर हू’ या जुन्या मालिकेचे पुनरुज्जीवन यशस्वी ठरल्यावर, शनिवारी संध्याकाळी सारे कुटुंब पुन्हा एकत्र टीव्हीसमोर बसू शकते, याचा साक्षात्कार बीबीसीला झाला. ‘डॉक्टर हू’ नसेल त्या महिन्यांत त्या वेळेला काय दाखवायचे, याचे उत्तर म्हणून ७ ऑक्टोबर २००६ रोजी ‘रॉबिन हूड’ सुरू झाली. डॉमिनिक मिंगेला आणि फॉझ ॲलन हे तिचे कर्ते. जोनस आर्मस्ट्राँग रॉबिन झाला, लुसी ग्रिफिथ्स मॅरियन, कीथ ॲलन शेरीफ आणि रिचर्ड आर्मिटेज त्याचा उजवा हात गाय ऑफ गिझबर्न. (शेरीफ म्हणजे मुंबईच्या नगरपालांसारखे निव्वळ मानाचे पद नव्हे, राजाच्या नावाने कर वसूल करणारा आणि फासावर लटकवणारा तो अधिकारी.) चित्रीकरण मात्र शेरवुडच्या जंगलात नव्हे, तर हंगेरीत झाले. प्रसारणापूर्वीच, ऑगस्ट २००६ मध्ये, तेथून मालिकेच्या मूळ चित्रफितीच चोरीला गेल्या. दरोडेखोराच्या कथेवरच दरोडा पडावा, हा योगायोग इंग्रजी पत्रकारांना न आवडता तरच नवल.

पहिल्या काही भागांतच तक्रारींचा पाऊस सुरू झाला. रॉबिनच्या अंगावर आजच्या तरुणांसारखे टोपीचे जाकीट, केस नुकतेच केशकर्तनालयातून आल्यासारखे. मॅरियनचे कपडे बाराव्या शतकातले कमी आणि लंडनच्या दुकानातले अधिक. इंग्रजांच्या अभिमानाचा विषय असलेले लांब धनुष्य सोडून नायकाच्या हाती पूर्वेकडील वळणाचे आखूड धनुष्य. फ्रायर टक हा पोटभरू साधू तर पहिल्या दोन पर्वांत दिसलाच नाही. आणि टोळीत जाक नावाची एक सारासेन, म्हणजे मुस्लिम, तरुणी. तिची भूमिका अंजली जे या अभिनेत्रीने केली होती. ही सारी ‘राजकीय शिष्टाचारा’ची थेरे आहेत, असे कुरकुरणारे प्रेक्षकही होते. या कुरकुरीला धारही होती. टीव्ही बाळगणाऱ्या प्रत्येक घराने त्या वर्षी बीबीसीसाठी १३१ पौंड ५० पेन्स एवढे परवाना शुल्क भरले होते. साहजिकच आपल्या दंतकथेबरोबर आपल्या पैशांचाही हिशेब मागण्याचा अधिकार आहे, अशी प्रेक्षकांची भावना होती.

पण खरा रॉबिन हूड म्हणजे कोणता? चौदाव्या शतकात, १३७७ च्या सुमारास, विल्यम लँगलंडच्या काव्यात त्याच्या गाण्यांचा पहिला उल्लेख येतो. जुन्या पोवाड्यांतला रॉबिन सरदार नाही. तो साधा, स्वतंत्र कुळातला माणूस आहे. त्याचा वावर नॉटिंगहॅमइतकाच यॉर्कशायरमधील बार्न्सडेलला आहे आणि त्याच्या कथेतल्या राजाचे नाव रिचर्ड नसून एडवर्ड आहे. त्याला राजा रिचर्डच्या काळात नेऊन बसवले ते जॉन मेजर या स्कॉटिश इतिहासकाराने, १५२१ मध्ये. त्याला उमराव केले ते १५९८ च्या सुमारास अँथनी मंडे या नाटककाराने. मॅरियन तर वसंतोत्सवातल्या खेळांतून या कथेत शिरली. आपल्याकडील लोकदैवतांच्या कथांचे जे होते तेच इकडेही झाले : ज्याने सांगितली त्याने आपल्या पदरचे काही घातले. नॉटिंगहॅम आणि यॉर्कशायर यांच्यातले भांडण तर २००५ मध्ये डॉनकास्टरजवळच्या विमानतळाला रॉबिन हूडचे नाव दिले गेले तेव्हा पुन्हा उफाळून आले. तो विमानतळ २०२२ मध्ये बंद पडला. भांडण मिटलेले नाही.

तेव्हा प्रेक्षक ज्याला ‘मूळ’ म्हणत होते तो पोवाड्यांतला नव्हताच. तो त्यांच्या बालपणीच्या पडद्यावरचा होता. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी तो १९५५ ते १९५९ या काळातल्या मालिकेतला रिचर्ड ग्रीन. त्यांच्याहून तरुण असलेल्यांसाठी १९८४ ते १९८६ या काळातल्या ‘रॉबिन ऑफ शेरवुड’मधला मायकेल प्रेड. गंमत अशी की, ज्या सारासेन साथीदारावर परंपरेच्या नावाने नाके मुरडली गेली, त्याची रूढी याच १९८४ च्या मालिकेने पाडली. नासिर हे पात्र तेथे आधी खलनायकाचा मारेकरी म्हणून आले आणि नंतर टोळीत सामावले. १९९१ च्या हॉलिवूडपटात मॉर्गन फ्रीमनने रंगवलेला अझीम त्याच वाटेने आला. २००६ पर्यंत ही गोष्ट तशी जुनी झाली होती.

परंतु जुन्या मालिकांची आठवण काढणाऱ्या प्रेक्षकांना केवळ स्मरणरंजनात रमलेले ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. १९५५ च्या मालिकेची गोष्ट येथे थोडी सविस्तर सांगायला हवी. तिची निर्माती हॅना वाइनस्टाइन ही अमेरिका सोडून लंडनला आलेली, डाव्या विचारांची स्त्री. तिने पटकथा लिहून घेतल्या त्या हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलेल्या लेखकांकडून. त्यातले रिंग लार्डनर ज्युनिअर हे अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर आपल्या राजकीय मतांबद्दल बोलण्यास नकार दिल्याने तुरुंगात जाऊन आलेले. इयन मॅकलेलन हंटर त्यांचे सहकारी. दोघांनाही खोट्या नावांनी लिहावे लागले. गरिबांवर लादलेले कर, दडपशाहीपुढे मान तुकवणारे शेजारी, चार नाण्यांसाठी मित्राची खबर देणारा माणूस, हे त्या अर्ध्या तासाच्या साहसकथांतले विषय त्यांनी कल्पनेने रचले नव्हते, भोगले होते. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात १९५३ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाच्या एका सदस्येने रॉबिन हूडच्या कथेत साम्यवादाचा प्रचार असल्याचे सांगून ती शाळांतून हटवण्याची मागणी केली होती. त्याच अमेरिकेतल्या घराघरांत सीबीएस वाहिनीने दोन वर्षांनी या बहिष्कृतांचे लेखन, नकळत, पोहोचवले. मुलांना यातले काहीही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मात्र पडद्यावरचा माणूस चिडला आहे आणि त्याच्या चिडण्यात तथ्य आहे, हे मुलांना कळत होते.

बीबीसीच्या मालिकेत नेमकी हीच गोष्ट पातळ झाली. खरे तर कच्चा माल उत्तम होता. इराक युद्ध ऐन भरात असताना, पूर्वेकडच्या धर्मयुद्धातून हताश होऊन परतलेला, हत्या न करण्याचा निश्चय केलेला सैनिक नायक म्हणून समोर ठेवणे, ही धाडसाची कल्पना. शेरीफच्या तोंडी दहशतवादाच्या भाषेचे प्रतिध्वनीही होते. पण शनिवारच्या संध्याकाळी कोणाला फार अस्वस्थ करायचे नाही, हा नियम वरचढ ठरला. शेरीफ विदूषकासारखा कोट्या करू लागला. टोळीच्या हाती तो पुनःपुन्हा सापडे आणि सुटे. तो मेला तर युवराज जॉन नॉटिंगहॅम बेचिराख करील, असे कारण पुढे दिले गेले. प्रेक्षकांनी ते ऐकून घेतले, पण मनावर घेतले नाही. जो जुलूम दर आठवड्याला हसवतो त्याच्याविरुद्ध बंड कशाला करायचे? जाकिटाविषयीच्या तक्रारींच्या तळाशी हा प्रश्न होता.

परिणाम असा झाला की सहानुभूती भलत्याच माणसाकडे वळली. काळ्या चामड्याच्या पोशाखातला गिझबर्न हाच या कथेतला एकमेव माणूस, ज्याला काही हवे होते आणि ते मिळत नव्हते : जमीन, मान आणि मॅरियन. आर्मिटेजने ती तडफड मन लावून रंगवली. प्रेक्षकांत, विशेषतः स्त्रियांत, त्याचा चाहतावर्ग इतका वाढला की नायक कोण, याचा विसर पडावा. खलनायक लोकप्रिय होणे नवीन नाही. पण नायकापाशी दुःख उरले नाही की ते अटळ होते.

आणि मग २९ डिसेंबर २००७ चा भाग आला. दुसऱ्या पर्वाच्या या अखेरच्या भागात, आपले प्रेम रॉबिनवर आहे असे तोंडावर सांगणाऱ्या मॅरियनला गिझबर्न तलवारीने ठार करतो. नाताळच्या सुटीत मुलांना घेऊन बसलेल्या आईबापांना हे पाहावे लागले. कपड्यांवरच्या कुरबुरी पोटात घालून मालिका पाहणारेही येथे दुरावले. मॅरियन ही केवळ नायकाची प्रेयसी नव्हती. राजवाड्यात राहून, रात्री मुखवटा चढवून गोरगरिबांना धान्य पोहोचवणारी ती दुसरी बंडखोर होती, किंबहुना अधिक धोका पत्करणारी. तिला मारून कथेला धक्कादायक वळण मिळाले, पण न्यायाची बाजू रिकामी झाली. धक्का देणे आणि शोक करायला लावणे यातला फरक लेखकांना उमगला नाही, असेच म्हणावे लागेल.

तिसऱ्या पर्वात डेव्हिड हेअरवुड यांच्या रूपाने टक अखेर अवतरला, एवढेच नव्हे तर मॅरियनचा मारेकरी गिझबर्न रॉबिनच्याच टोळीत सामील झाला. गिझबर्नच्या चाहत्यांना ते हवे होते. इतरांना ते पचणे कठीण होते. प्रेक्षकसंख्या घटत गेली. २७ जून २००९ रोजी शेवटचा भाग झाला आणि लवकरच बीबीसीने चौथे पर्व होणार नसल्याचे जाहीर केले. त्या शेवटच्या भागात गिझबर्नच्या बहिणीच्या विषारी पात्याने रॉबिन मरतो. जुन्या पोवाड्यांतही तो लढाईत पडत नाही. नात्यातली एक मठाधिकारीण औषधोपचाराच्या मिषाने त्याचे रक्त काढून त्याचा जीव घेते. तीन वर्षे ‘मूळ कथा, मूळ कथा’ म्हणून जे मागितले जात होते, त्याच्या सर्वांत जवळ ही मालिका गेली ती तेव्हा. पण ते पाहायला मागणाऱ्यांपैकी फार थोडे उरले होते.