मुलांचा चष्मा आणि आपले कर्तव्य

‘औषधाने चष्मा जाईल ना?’ हा पालकांचा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या वैद्यबंधूंना आणि औषधी विक्रेत्यांना नवा नाही. मुलाला ‘सिलिंडर नंबर’ निघाला की पालक धास्तावून आपल्याकडे येतात. त्यांना खरे उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.

ॲस्टिग्मॅटिझम अर्थात दृष्टिवैषम्यात बहुधा बुबुळावरील पारदर्शक पटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसते. त्यामुळे प्रकाशकिरण एका बिंदूत एकवटत नाहीत. फळ्यावरील ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळ होतो. मूल मात्र तक्रार करीत नाही. सर्वांना असेच दिसते, अशी त्याची समजूत असते.

ही वक्रता नेत्रतर्पणाने वा त्रिफळा घृताने पालटते, असा दावा आम्ही करणार नाही. त्या उपचारांच्या भरवशावर चष्मा लांबणीवर पडला, तर हानी कायमची होऊ शकते. एका डोळ्याचा दोष अधिक असल्यास मेंदू त्याची अंधुक प्रतिमा टाळू लागतो आणि तो डोळा ‘आळशी’ बनतो. साधारण सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाल्यास उत्तम फळ मिळते. पुढे ते कठीण होत जाते. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमानुसार दृष्टीच्या विकारांवरील औषधांच्या जाहिरातीस मनाई आहे, हेही ध्यानी असावे.

मग आयुर्वेदाचे कार्य कोणते? सुश्रुताचार्यांनी ७६ नेत्ररोग वर्णिले आणि निदानपरिवर्जनास चिकित्सेत अग्रस्थान दिले. खानदेशातील कडक ऊन आणि धुळीत ॲलर्जीमुळे अनेक मुलांचे डोळे खाजतात. सतत डोळे चोळल्याने हे पटल शंकूप्रमाणे पुढे येण्याचा धोका वाढतो आणि नंबर वाढत जातो. खाज शमविणे, डोळे चोळण्याची सवय मोडणे, हे आपल्या हाती आहे.

औषधी विक्रेत्यांना एक आग्रहाची विनंती: लाल डोळ्यांसाठी स्टिरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. लाली ओसरते, पण दीर्घकाळ वापराने लहान वयातही काचबिंदू वा मोतीबिंदू उद्भवू शकतो.

मान तिरकी करून वा डोळे बारीक करून पाहणारे मूल दिसताच त्यास प्रथम नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्याची तपासणी होऊ शकते. असे पाठविण्यात वैद्याची प्रतिष्ठा उणावत नाही. मुलाची दृष्टी मात्र वाचते.