मूळ बँड स्टेजवर नाही, तरी लोक तिकीट काढतात. ट्रिब्यूट बँडचं हे प्रकरण नेमकं काय आहे?

स्टेजवर पिंक फ्लॉइडची गाणी सुरू आहेत. मागे तोच मोठा गोल पडदा, तेच लेझर, गिटारचा आवाजही थेट रेकॉर्डवरच्यासारखा. फक्त स्टेजवर पिंक फ्लॉइडमधलं कुणीच नाही. प्रेक्षकांना हे माहीत आहे, पोस्टरवर तसं लिहिलंय, आणि तरीही त्यांनी पैसे मोजलेत.

याला म्हणतात ट्रिब्यूट बँड. रील्समध्ये अशा शोची क्लिप समोर आली की खाली एक कमेंट हमखास असते, "हे तर डुप्लिकेट!" पण प्रकरण तेवढं सोपं नाही. विशेषतः प्रोग्रेसिव्ह रॉकच्या बाबतीत, कारण तिथे हे संगीत यापुढे प्रत्यक्ष ऐकायला मिळणार की नाही, हाच प्रश्न आहे.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय?

१९६०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये काही बँडना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटायला लागलं. पिंक फ्लॉइड, जेनेसिस, येस, किंग क्रिमसन ही त्यातली मोठी नावं. त्यांनी एलपी रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणाऱ्या रचना केल्या. पिंक फ्लॉइडचं 'इकोज' २३ मिनिटांहून मोठं आहे.

यात ताल मध्येच बदलतो. पिंक फ्लॉइडचं 'मनी' बरंचसं सात मात्रांत आहे, आपल्या रूपक तालात असतात तेवढ्याच. गिटारचा सोलो आला की ते चार मात्रांवर जातं. जोडीला स्लाइड, वेशभूषा, प्रकाशयोजना. म्हणजे गाण्यांच्या कार्यक्रमापेक्षा हे नाटकाच्या प्रयोगाच्या जास्त जवळ जातं.

कव्हर बँड आणि ट्रिब्यूट बँडमध्ये फरक काय?

कव्हर बँड वेगवेगळ्या कलाकारांची गाणी वाजवतो. ट्रिब्यूट बँड एकाच बँडला वाहिलेला असतो. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात 'किशोर नाइट' होते, तसंच काहीसं. पण प्रोग्रेसिव्ह रॉकचे ट्रिब्यूट बँड आवाजापुरते थांबत नाहीत. त्या काळातली वाद्यं, कपडे, पडद्यावरची चित्रं, सगळं उभं करायचा प्रयत्न करतात.

कॅनडातल्या माँट्रियलचा 'द म्युझिकल बॉक्स' हा बँड याचं टोकाचं उदाहरण. १९७४-७५मध्ये जेनेसिसने 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' या अल्बमचा दौरा केला. मागे तीन पडदे आणि त्यांवर हजारावर स्लाइड. या शोचं संपूर्ण चित्रीकरण उपलब्ध नाही. दौरा संपला आणि गायक पीटर गॅब्रिएल बँड सोडून गेला. 'द म्युझिकल बॉक्स'ने परवानगी घेऊन, मूळ स्लाइड मिळवून, तो शो नव्याने बसवला. म्हणजे १९७५नंतर जन्मलेल्या कुणालाही तो शो पाहायचा असेल, तर ट्रिब्यूट बँड हाच एक मार्ग होता.

मूळ कलाकारांना हे चालतं का?

बऱ्याच जणांना चालतं. गॅब्रिएल आपल्या मुलांना घेऊन 'द म्युझिकल बॉक्स'चा शो पाहायला गेला होता. वडील तरुणपणी काय करायचे, हे मुलांना दाखवायला. २००५मध्ये जिनिव्हात फिल कॉलिन्स स्वतः या बँडसोबत ड्रम वाजवायला बसला.

'द ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो' १९८८मध्ये ॲडलेडमध्ये सुरू झाला. पिंक फ्लॉइडचा गिटारिस्ट डेव्हिड गिलमोर १९९४मध्ये त्यांचा शो पाहायला गेला आणि १९९६मध्ये आपल्या पन्नाशीच्या पार्टीत त्यांनाच वाजवायला बोलावलं.

येस बँडने तर पुढची पायरी गाठली. २००८मध्ये त्यांनी बेन्वा डेव्हिड या गायकाला घेतलं, २०१२मध्ये त्याच्या जागी जॉन डेव्हिसन आला. हे दोघंही आधी येसच्याच ट्रिब्यूट बँडमध्ये गात होते. मग मूळ कुठे संपतं आणि नक्कल कुठे सुरू होते, हे ठरवायचं कसं?

तरी एवढी मागणी का?

उत्तर साधं आहे : मूळ माणसं उरली नाहीत किंवा थकलीत. पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट २००८मध्ये गेला. येसचा बासवादक ख्रिस स्क्वायर २०१५मध्ये. इमर्सन, लेक अँड पामर या त्रिकुटातले दोघं २०१६ या एकाच वर्षात गेले. २६ मार्च २०२२ला लंडनमध्ये जेनेसिसचा शेवटचा शो झाला, तेव्हा कॉलिन्स खुर्चीत बसून गात होता आणि ड्रमवर त्याचा मुलगा होता.

यावर दुसरा उपायही आला आहे. २०२२पासून लंडनमध्ये 'ॲबा व्हॉयेज' या शोमध्ये ॲबा बँडचे डिजिटल अवतार गातात. साथीला खरे वादक असले, तरी मुख्य चौघांचा परफॉर्मन्स रोज तोच. ट्रिब्यूट बँडमध्ये मात्र समोर जिवंत माणूस असतो. त्याचा सूर चुकू शकतो, एखाद्या दिवशी तो मूळपेक्षा भारीही वाजवू शकतो.

पैसे कुणाला मिळतात?

गाणं ज्याने लिहिलं आणि संगीतबद्ध केलं, त्याला. ब्रिटनमध्ये हे पैसे पीआरएस ही संस्था गोळा करते. तिथे २०१८मध्ये झालेल्या बदलानुसार कॉन्सर्टसाठी तिकीटविक्रीच्या ४.२ टक्के दर ठरला. भारतात १९५७चा कॉपीराइट कायदा लागू होतो आणि गाण्याच्या शब्द-संगीताचे परवाने आयपीआरएस ही १९६९मध्ये स्थापन झालेली संस्था देते.

यात एक गोम आहे. श्रेयनामावलीत ज्याचं नाव नाही, त्या वादकाला यातून काही मिळत नाही. ज्या ड्रमरची नक्कल करायला कुणी वर्षानुवर्षं घासतो, त्याने गाणं लिहिलं नसेल तर त्याच्या वाट्याला फक्त कौतुक. शिवाय लोगो, स्लाइड, चित्रं यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

मग आक्षेप काय आहे?

मोठा आक्षेप नावातच आहे. प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुढे जाणारं. किंग क्रिमसनच्या रॉबर्ट फ्रिपने आयुष्यभर बँडची रचना मोडून नवी केली. अशा संगीताची पन्नास वर्षांनी हुबेहूब नक्कल करणं म्हणजे त्याच्या मूळ हेतूलाच उलटं फिरवणं, असं टीकाकार म्हणतात. दुसरा मुद्दा व्यवहाराचा. हॉलच्या तारखा मोजक्याच असतात. त्या खात्रीच्या जुन्या गाण्यांना गेल्या, तर नव्या बँडने वाजवायचं कुठे?

हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण 'गीतरामायणा'चा विचार करा. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते गदिमा आणि सुधीर फडके यांनी घराघरांत पोहोचवलं. बाबूजी २००२मध्ये गेले, पण कार्यक्रम थांबले नाहीत. श्रीधर फडके आणि इतर अनेक जण ते गातात आणि त्याला कुणी डुप्लिकेट म्हणत नाही. रचना पक्की असेल तर ती गाणाऱ्यापेक्षा जास्त जगते. प्रोग्रेसिव्ह रॉक आता याच टप्प्यावर आलंय. फरक एवढाच की तिथे अजून प्रत्येकाला मूळ चेहरा हवा असतो.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स फेब्रुवारी २००७मध्ये मुंबईत वाजवून गेला. आज विशीत असलेले तेव्हा शाळेत होते किंवा त्याहूनही लहान. त्यांच्यासाठी मोठ्या स्पीकरवर, गर्दीत उभं राहून 'इकोज' ऐकायची संधी बहुतेक ट्रिब्यूट बँडच देणार.

तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी बघा. पोस्टरवर 'ट्रिब्यूट' हा शब्द ठळक आहे की कोपऱ्यात लपवलाय? वाजवणाऱ्यांची स्वतःची नावं दिलीत का? आणि फक्त गाजलेली गाणी आहेत की एखादा अल्बम पूर्ण वाजवणार आहेत? ज्या बँडला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटत नाही आणि जो २३ मिनिटांची रचना न कापता वाजवतो, त्याच्यावर पैसे लावायला हरकत नाही. आणि त्याच महिन्यात शहरातल्या एखाद्या नव्या बँडचंही एक तिकीट काढा. पन्नास वर्षांनी ट्रिब्यूट द्यायला कुणीतरी लागेलच ना?